ती ट्रकमध्ये चढली होती का

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. चौदा वर्षं झाली. या कामात सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवतात : गाडीत कोण चढलं आणि कोण खाली राहिलं, हे कंडक्टरला माहीत पाहिजे. मांजरसुंब्याला ढाब्यावर गाडी दहा मिनिटं थांबते. लोक चहा प्यायला उतरतात, बाया आडोशाला जातात, कुणी फोनवर बोलत लांब निघून जातं. निघताना मी पुढून मागे एक चक्कर मारते, सीट सीट बघते आणि मगच डबल बेल देते. एखादी म्हातारी मागे राहिली तर तिची पिशवी पुढे जाते, म्हातारी ढाब्यावर रडत बसते आणि मला डेपोत लेखी उत्तर द्यावं लागतं. एक माणूस दहा मिनिटं मागे राहिलं तर एवढं होतं. माझी थोरली बहीण मागे राहिली, त्याचं उत्तर वीस वर्षं कुणी कुणाला मागितलं नाही.

हे मी रागातच लिहिते आहे. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, जरा थंड डोक्याने लिही. थंड डोक्याची माणसं होती की तेव्हा. त्यांनीच तर ती फाइल बंद केली.

आमचं गाव नेकनूरच्या पुढे. अक्काला दिली होती मांजरसुंबा आणि नेकनूरच्या मधल्या एका गावात, फाट्यावरून आत पाऊण तास चालत. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडे शेत नावापुरतं. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते गवंडीकाम करायचे, म्हणून आम्हाला कधी ऊसतोडीला जावं लागलं नाही. अक्काचं सासर मात्र दरसाल जायचं. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. टोळ्या ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. मधले पाच-सहा महिने कोण कुठे आहे हे कुणी विचारत नाही. दाराला कुलूप दिसलं की माणूस तोडीला गेला, एवढं सगळ्यांना पुरतं.

आणि त्या कामात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा एकटाच आला तर तो अर्धा कोयता. म्हणजे बाई आली नाही तर बाई कुठे गेली हा प्रश्न पडतच नाही, कोयता अर्धा झाला एवढंच दिसतं. हे मला कळायला फार वर्षं लागली.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ठेंगणी, बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला तिखट. मला बारकी म्हणायची. लग्नानंतरची तिची ती दुसरी दिवाळी. चार दिवस आमच्याकडे आली होती. पहिल्या तोडीने तिची कंबर गेली होती, बसताना भिंतीला हात टेकून बसायची. तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या तिने आईला सांगितलं, "औंदा मी जाणार न्हाई. अंगनवाडीचा फारम भरलाय. गावातच मदतनिसाची जागा हाय."

आई भाकरी थापत होती. "नवऱ्याला अर्धा कोयता करून धाडतीस व्हय? हसतील लोकं त्याला. एवढं साल काढ."

"मागच्या साली बी एवढं सालच म्हनली हुतीस," अक्का म्हणाली. आईचं ते 'एवढं साल काढ' मी मुद्दाम लिहिते आहे. ती स्वतः ते रोज म्हणते, त्यामुळे लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवायला नेकनूरला गेले. मी तेव्हा अकरावीत होते. स्टँडवर तिच्या निळ्या चपलेचा पट्टा तुटला. शेजारी जळालेल्या पाणी-मोटारींत तार भरायचं दुकान होतं, त्याच्या दाराशी तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले असायचे. त्यातला एक उचलून मी पट्टा बांधून दिला. मी डावखुरी. माझा पीळ जगाच्या उलट बसतो. अक्का हसली, म्हणाली, "तुजं समदंच उलटं, बारके." मग गाडी आली. खिडकीतून तिने सांगितलं, "जयंतीला येते. मायला म्हनावं, माजी पांढरी साडी धुऊन ठेव."

त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी नेकनूरच्या बाजारात दादांना तिच्या सासरच्या गावचा एक जण भेटला. म्हणाला, टोळी गेली, तुमच्या जावयाच्या दाराला कुलूप हाय, त्याची म्हातारी आई बी त्यांच्यासंगं गेली. दादांनी घरी येऊन तेच सांगितलं. आईने सुटकेचा निःश्वास टाकला. पोरगी ऐकली, गेली बिचारी, असं तिला वाटलं. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. तोडीला गेलेल्या माणसाची खुशाली कुणी विचारत नसे, ते जसं गेलं तसं परत येणार हे धरूनच चालायचं. आम्ही सहा महिने निर्धास्त होतो. याची मला आजही लाज वाटते आणि लाजेपेक्षा जास्त चीड येते.

जयंतीच्या दिवशी आईने पांढरी साडी काढून ठेवली. विहारात वंदना झाली, मिरवणूक निघाली, गावात आलेल्या सगळ्या लेकी भेटल्या. अक्का आली नाही. टोळी येऊन पंधरा दिवस झाल्याचं तिथेच कुणीतरी बोललं. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी तिच्या सासरी गेलो. नवरा ओट्यावर बसला होता. त्याने आधी पाणी दिलं, मग मान खाली घातली. "मामा, तुमाला सांगायला त्वांडच न्हवतं. फडातून गेली ती. दुसऱ्या टोळीतल्या एकासंगं. लई हुडकलं मी."

दादा तिथून उठले ते थेट फाट्याच्या वाटेला लागले. मी रडत रडत मागे चालत होते, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते खरं वाटलं होतं. तिखट बोलणारी, शिकलेली, तोडीला कंटाळलेली बाई. गेली असेल. बाईबद्दल हे सगळ्यांना एवढ्या चटकन कसं पटतं?

चार दिवसांनी आईच्या हट्टामुळे आम्ही ठाण्यात गेलो. जमादार पेपर वाचत होता. दादा उभे, मी उभी. त्याने विचारलं, किती महिने झाले. दादा म्हणाले, सहा. "सहा म्हयने? आन आता उगवलाव व्हय? पोरगी हरवली का कोंबडी?" मग गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकून म्हणाला, "तुमच्यात चालतंच की हे." दादांनी भिंती बांधल्या होत्या, त्या ठाण्याच्या आवाराची भिंतसुद्धा त्यांच्याच हातची होती.

जमादाराने माझ्याकडे बघितलं. "पोरगी शिकती ना? लिही. अक्षर चांगलं आसंल तुजं." त्याने कागद दिला, पेन दिलं. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. मुलगी स्वतःच्या मर्जीने निघून गेली असावी. आमचा कुणावरही संशय नाही. दादांनी खाली सही केली. मी तर लिहायच्या आधी डावीकडे पट्टीने समासही आखला होता. शाळेत सवय लावली होती तशी.

ती फाइल तिथेच संपली. कारखाना कुठला, टोळी कुणाची, मुकादम कोण, ट्रक कुठून सुटला, यातलं काही त्या कागदावर नव्हतं. कुणी शोधायला निघालं नाही, कारण जी स्वतःहून गेली तिला शोधायचं कशाला. पळून गेली हे इतकं सोयीचं उत्तर आहे की पोलिसांचं काम वाचतं, सासरचं तोंड वाचतं आणि गावाला वर्षभर बोलायला विषय मिळतो. मला स्थळं यायची ती दारातूनच परत जायची. दादा तीन वर्षांत खचले आणि गेले. जावयाने दुसऱ्याच साली लग्न केलं. त्याच उन्हाळ्यात त्याने आपल्या रानातली जुनी विहीर दगड-मुरूम टाकून बुजवली. जनावरं पडत्यात, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्या गावाने ट्रॅक्टरच्या खेपा बघितल्या. कुणी म्हणालं नाही, की बाबा, आमच्या भागात लोक विहिरी खोदतात, तू भर उन्हाळ्यात आहे ती बुजवतोस कावून?

अखेर माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेवरून वाद झाला. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी पत्रिकेत कालकथित छापतात. दादांच्या नावाआधी तसं लिहिलं. अक्काचं काय करायचं, असं चुलत्यांनी विचारलं. गाळून टाकू, असंच त्यांच्या मनात होतं. आई म्हणाली, "नाव राहील. आन त्याच्याआदी काईबी लावायचं न्हाई. माजी लेक मेल्याचं कुनी मला सांगितलं न्हाई." तिचं नाव निमंत्रकांत तसंच छापलं. लोक पत्रिका वाचून एकमेकांकडे बघायचे. आईने त्याच पत्रिका स्वतःच्या हाताने वाटल्या.

मग मला ही नोकरी लागली आणि योगायोगाने मार्गही हाच मिळाला, बीडहून नेकनूरमार्गे. अक्काच्या सासरच्या फाट्यावर गाडी दिवसातून चारदा थांबते. चौथ्या की पाचव्या वर्षी त्या फाट्यावर एक बाई चढली. तिकीट घेताना तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि माझ्या बहिणीची मी कोण लागते ते विचारलं. चेहरा तसाच आहे म्हणाली. मी म्हटलं, ओळखत होता का तिला? तर म्हणाली, "एकाच टोळीतले की आमी. गरीब पोर. त्या साली तर ती आलीच न्हाई."

मी मशीन बंद केलं. "आली न्हाई म्हंजे?"

"ट्रकातच चढली न्हाई ना. नवऱ्यानं सांगितलं, माहेरी हाय, आजारी हाय, मागून यील. त्यो अर्धा कोयताच करीत हुता सालभर. आमाला वाटलं, तुमच्याकडं हाय."

तेव्हा मला सगळं दिसलं. टोळीला वाटत होतं ती माहेरी आहे, माहेराला वाटत होतं ती टोळीत आहे. सहा महिने दोन्हीकडची माणसं निवांत जेवत होती. हे मुंबई-पुण्यात होणार नाही, हे आमच्याच भागात होऊ शकतं, कारण अर्धं वर्ष माणूस दिसलं नाही तर चालतं अशी आम्ही सवय लावून घेतली आहे. ज्याने हे केलं त्याला ही सवय पुरेपूर माहीत होती. आणि जी ट्रकमध्ये चढलीच नाही, ती कारखान्यावरच्या फडातून पळून गेली कशी?

मी रजा टाकून ठाण्यात गेले. जमादार बदलून गेला होता. दुसऱ्याने सांगितलं, त्या बाईचा लेखी जबाब आणा. जबाब घेणं कुणाचं काम आहे, असं मी विचारलं तर म्हणाला, कायदा शिकवू नका. बाईकडे गेले तर तिचा दीर दारात आला आणि म्हणाला, तिला काही आठवत नाही. जुनी फाइल सापडत नाही असंही कळलं. तीन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी चकरा मारल्या. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येक नव्या माणसाला अक्का पळून गेली हे आधीपासून ठाऊक असायचं.

एके दिवशी तोच माझ्या गाडीत चढला. दुसरी बायको आणि दोन पोरांसह. त्याने मला ओळखलं, पण उतरायला उशीर झाला होता. "चार, नेकनूर," तो खिडकीकडे बघत म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरल्या गाडीत मी त्याला म्हटलं, "चारी चढलेत ना? नीट बघून घ्या. तुमच्याकडं एक माणूस चढलं न्हाई तरी ट्रक जातोय." त्याने पैसे पुढे केले. मी पुन्हा विचारलं, "त्या साली अक्का ट्रकमध्ये चढली होती का? एवढंच सांगा." तो पुढच्या थांब्यावर पोरांना ओढत उतरला.

आठ दिवसांत माझ्यावर मेमो निघाला. प्रवाशाशी उद्धट वर्तन. मी खुलाशात लिहिलं की मी प्रवाशाला कोण चढलं आणि कोण राहिलं एवढंच विचारलं आणि ते माझं कामच आहे. साहेबांना तो विनोद वाटला नाही, मलाही वाटत नव्हता. ताकीद मिळाली. माझ्या बहिणीच्या प्रकरणात इतक्या वर्षांत झालेली ती एकमेव लेखी कारवाई, आणि ती माझ्यावर होती.

पुढे त्याने ते रान बीडच्या एका मास्तरांना विकलं. मास्तर कागद नीट वाचणारे. सातबाऱ्यावर विहीर आहे आणि रानात विहीर नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पाणी तर सगळ्यांनाच हवं असतं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी पोकलेन लावलं आणि जागा विचारून विचारून ती बुजवलेली विहीर उकरायला घेतली.

मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. फाट्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या चिंचेखाली गर्दी दिसली, पोलिसांची जीप दिसली. फाट्यावर चढणारा माणूस म्हणाला, इहिरीत माणसाची हाडं निघाली. मी एक बेल दिली आणि खाली उतरले. चौदा वर्षांत प्रवासी सोडून गाडीवरून मी तेवढीच एकदा उतरले. ड्रायव्हर काकांना माझी हकिगत ठाऊक होती, त्यांनी काही न विचारता इंजिन बंद केलं.

शिपायाने मला दोरीपाशी अडवलं. पलीकडे प्लास्टिकच्या कागदावर काय काय मांडलं होतं. हाडांकडे मी बघितलं नाही, मला बघवलं नाही. कडेला एक चप्पल होती. चिखलाने काळी झालेली, पण पट्ट्याजवळ निळी. पट्ट्याला हिरवी पडलेली तार.

"ही चप्पल मी बांधलीय," मी म्हटलं.

"बाई, असल्या चपला समद्यांच्या पायात असत्यात," शिपाई म्हणाला.

"पीळ बघा त्याचा. उलटा हाय. तुमी बांधून बघा, तुमच्या हातानं तसा पडतोय का."

मागून एक अधिकारी बाई आल्या. तिशीच्या असतील. त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं, पाणी दिलं आणि सगळं सांगायला सांगितलं. वीस वर्षांत मला हाताला धरून, सांगा, असं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. नंतर त्यांनी पंचांसमोर माझ्या हातात तारेचा तुकडा दिला आणि दोरीला बांधायला लावला. तार माझ्या हातात आपोआप उलटी वळली.

न सापडणारी फाइलही त्यांना एका दिवसात सापडली. त्यांनी टेबलावर माझ्यासमोर तो कागद ठेवला. समास आखलेला, अक्षर वळणदार. "हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमचा कुणावरही संशय नाही, हे माझ्या बहिणीविरुद्धचं सगळ्यात मोठं कागदपत्र माझ्या हातचं होतं.

मग त्यांनी काय केलं? फार काही नाही. त्या सालच्या टोळीत कोण कोण होतं याची यादी काढली, जे हयात होते त्या सगळ्यांना बोलावलं आणि एकेकाला एकच प्रश्न विचारला. ती ट्रकमध्ये चढली होती का? दोन दिवसांत अकरा जणांनी सांगितलं, नव्हती. माझ्या गाडीतली ती बाईही आली, दीर घेऊन नव्हे, एकटी आली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी बाहेर पायरीवर गाठलं. म्हटलं, बाबा, तुमाला ठाऊक हुतं तर इतकी वर्षं सांगितलं कावून न्हाई? त्याने प्रामाणिकपणे माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "इचारलंच न्हाई की कुनी."

दोन दिवस. दोन दिवसांचं काम होतं ते. त्यासाठी शास्त्र लागत नव्हतं, यंत्र लागत नव्हतं, पोकलेन तर नाहीच नाही. दादा जिवंत असताना, ती हाडामांसासकट ओळखू येत असताना कुणीतरी वही घेऊन त्या गावात जायला पाहिजे होतं. माझी बहीण हरवली नव्हती. ती रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती आणि मी तिच्यावरून दिवसातून चार वेळा डबल बेल देत जात होते. त्या जमादाराला आता निवृत्तिवेतन मिळतं. त्याला कुणी मेमो दिलेला नाही.

ओळख पटवायला आईचं रक्त घ्यावं लागलं. सत्तरी उलटलेली बाई, हाताची शीर सापडेना. सुई तीनदा टोचली. तंत्रज्ञ म्हणाला, मावशी, दुखतंय का? आई म्हणाली, "लागंल तेवढं घ्या. पण लवकर सांगा." कित्येक महिन्यांनी अहवाल आला. जुळलं. त्याला अटक झाली, मग जामीन झाला. तो आता म्हणतो, भांडणात ती रागाने गेली आणि स्वतःच पडली, मी घाबरलो. खटला चालू आहे, तारखा पडत आहेत. मी बहुतेक तारखांना जाते. खरं काय ते कोर्ट ठरवेल. पण इतकं मला कळतं की अक्काने त्याला सांगितलं असणार, औंदा मी जाणार न्हाई. आई मात्र दुसरंच म्हणते. संध्याकाळी उंबऱ्यात बसते आणि म्हणते, "मीच म्हनलं, एवढं साल काढ."

तपासाचं काम संपल्यावर आम्हाला अस्थी न्यायला बोलावलं. पुठ्ठ्याचा एक खोका, वर लाख, लाखेशेजारी नंबर. नावाची जागा होती तिथेही नंबरच लिहिला होता. मी पेन मागितलं आणि अक्काचं नाव लिहिलं, माहेरचं. गावात विहारात सगळे जमले होते, जलदान विधीची तयारी झाली होती. चुलत भाऊ जीप घेऊन येतो म्हणाला होता. आई नको म्हणाली. "लाल गाडीनं न्यायची. ती जयंतीला गाडीनंच येनार हुती."

दुपारी बीडहून आम्ही बसलो. मी त्या दिवशी खाकीत नव्हते, पांढऱ्या साडीत होते. कंडक्टर दुसऱ्या डेपोचा, पन्नाशीचा, आम्हाला न ओळखणारा. आई खिडकीशी, मी कडेला, आणि मध्ये सीटवर खोका. गर्दी होती. तो म्हणाला, "मावशी, खोकं वर ठिवा की. सामानानं सीट आडवू नगा."

"सामान न्हाई ते," आई म्हणाली. ती इतकं सरळ बोलली की तो पुढे निघून गेला.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. लोक उतरले, चहा झाला, लोक चढले. आम्ही हललो नाही. निघायच्या आधी त्याने पुढून मागे चक्कर मारली, सीट सीट बघत, ओठांत मोजत. भला कंडक्टर होता. आमच्यापाशी येऊन त्याने बोट दाखवलं. "हितं दोगी."

"तिगी," आई म्हणाली. तिने खोक्यावर हात ठेवला. "नीट मोज, बाबा. आमी तिगी हाव."

त्याने खोक्यावरचं नाव वाचलं. मग माझ्या साडीकडे पाहिलं. आम्हाला वाटलं काही विचारेल. त्याने हळू आवाजात "तिगी" म्हटलं, पुढची सीट मोजली, आणि सगळे चढल्याची खात्री करून मगच डबल बेल दिली.